पाणपक्ष्यांची मोजदाद : नेरूळच्या एका धारण तलावावरून

जानेवारी लागला की आशियाभर हजारो माणसं दुर्बिणी घेऊन तळी, खाड्या, धरणं आणि दलदली गाठतात आणि पाणपक्षी मोजतात. ही आशियाई पाणपक्षी गणना. भारतीय उपखंडात ती १९८७ साली सुरू झाली. ज्या जागतिक गणनेचा ती भाग आहे, ती १९६७ पासूनची. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्था तिची जुळवाजुळव करतात, पण मोजणारे बहुतेक हौशीच असतात. शिक्षक, बँकेतली माणसं, निवृत्त मंडळी, कॉलेजातली मुलं. मीही त्यांच्यातलीच. नेरूळला राहते, नोकरी करते, आणि आमच्या घराजवळच्या धारण तलावावरची गणना माझ्याकडे आहे.

हे तळं तसं सगळ्यांच्या ओळखीचं. भोवती चालायची फरसबंद वाट आहे, बाकडी आहेत, मुलांसाठी घसरगुंड्या आहेत, सकाळी गव्हांकुराच्या रसाची गाडी लागते. तीन बाजूंनी काठ दगडी पिचिंगने बांधून काढलाय. चौथी, खाडीकडची बाजू तशीच राहिली आहे. तिथे तिवरांची रांग आहे, तिच्यापुढे चिखल आणि चिखलापुढे पाणी. फिरायला येणारी माणसं त्या बाजूला फारशी पाहत नाहीत, कारण ओहोटीला तिकडून वास येतो. मी मोजायला लागले तेव्हापासून मला त्या बाजूचंच महत्त्व कळत गेलं, आणि हे सगळं लिहायला बसले तेही त्या चिखलासाठीच.

आधी धारण तलाव म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नवी मुंबईत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. सिडकोने हे शहर वसवताना खाडीकाठची मिठागरं, खाजणं आणि भातशेती भरून घेतली. यातली बरीच जमीन उधाणाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर नाल्यांतलं पाणी खाडीत जाणारच नाही, उलट खाडी नाल्यांतून आत येईल. त्यावर डच पद्धतीचा तोडगा काढला गेला. शहर आणि खाडी यांच्या मध्ये खोलगट तळी ठेवायची आणि तळ्याच्या मुखाशी झडपेचे दरवाजे बसवायचे. भरतीला बाहेरून पाण्याचा दाब आला की झडप मिटते आणि पावसाचं पाणी तळ्यात साठून राहतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडप उघडते आणि साठलेलं पाणी खाडीत निघून जातं. ना पंप, ना वीज.

कागदावर हे तळं फक्त पावसाळ्यापुरतं. प्रत्यक्षात झडपा झिजल्या, भरतीचं खारं पाणी थोडं थोडं आत येऊ लागलं, नाल्यांनी गाळ आणून टाकला आणि त्या गाळावर तिवरं रुजली. तिवरांमागून निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, आल्या, खेकडे आले, बोयटांची पिल्लं आली आणि त्यांना खाणारे पक्षीही आले. पूर अडवायला खोदलेला खड्डा आपोआप पाणथळ झाला. गाळ काढायचा की नाही यावर आमच्याकडे नेहमी वाद होतो, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तळं गाळाने पार भरलं तर पावसाळ्यात तळमजल्यांत पाणी शिरेल, ही भीती खोटी नाही. पण सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं, म्हणजे तिवरांची रानं, तोडणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे असं स्पष्ट सांगितलं, त्यामुळे तिवरं उगवलेल्या भागात यंत्र घालणं सोपं राहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर मधल्या खोल भागातला गाळ काढावा आणि काठाला हात लावू नये.

गणनेत भाग घ्यायचा तर परीक्षा नाही, फी नाही. राज्याच्या समन्वयकांना कळवायचं की मी अमुक जागा मोजते. समन्वयक ताईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो जागेच्या हद्दीबद्दल. तुमचं तळं नेमकं कुठून कुठपर्यंत? तिवरांच्या मागचं पाणी धरणार का? नाल्याचं मुख धरणार का? एकदा ठरवलेली हद्द दर वर्षी तीच ठेवावी लागते, नाहीतर आकड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. आम्ही मोबाइलवरच्या उपग्रहचित्रावर बोट फिरवून हद्द आखली, मधल्या बिंदूचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले आणि तळ्याला नाव दिलं. सरकारी पाट्यांवर या तळ्याला एक नाव आहे, लोकांच्या तोंडी दुसरंच. आम्ही दोन्ही लिहिली.

हे नाव देणं मला मोठं वाटलं, त्याला कारण आहे. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राने देशातल्या पाणथळांचा जो नकाशासंग्रह २०११ साली काढला, त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान पाणथळांच्या सीमा आखलेल्या नाहीत, ती नुसत्या ठिपक्यांनी दाखवली आहेत. शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी आणि करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळली आहेत. धारण तलाव यांपैकी कशासाठीच बांधलेला नाही, पण तो माणसाने बांधलाय एवढं सांगून विषय मिटवणारे पुष्कळ भेटतात. १९७१ च्या रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ कराराची व्याख्या मात्र नैसर्गिक आणि कृत्रिम, गोडं आणि खारं, कायमचं आणि तात्पुरतं अशी सगळीच पाणथळं धरते. अशा मधल्यामध्ये लटकलेल्या लहान तळ्यांसाठी दर वर्षी एकाच पद्धतीने केलेली मोजणी हाच काय तो दाखवण्याजोगा कागद असतो.

डिसेंबरभर मी सकाळी कामावर जाण्याआधी तळ्यावर जात होते. मोजायला नाही, ओळख करून घ्यायला. कोण कुठे बसतं, कुठल्या वेळी येतं, कुठून पाहिलं तर ऊन डोळ्यांवर येत नाही. आमच्या तळ्याचा चिखल पश्चिमेला, म्हणून सकाळी पूर्वेच्या वाटेवर उभं राहिलं की ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्यांचे रंग, चोची, पाय सगळं नीट दिसतं. संध्याकाळी त्याच जागेवरून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. चिखलपक्ष्यांची ओळख चोचीच्या लांबीवर आणि पायांच्या रंगावर ठरते, त्यामुळे हा फरक फार मोठा.

भरतीच्या वेळेचं कोडं मात्र मला एका कोळी काकांनी सोडवून दिलं. काका सारसोळ्याचे. तळ्याच्या मुखाशी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन येतात. मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडून उभी होते, तर म्हणाले, ‘‘ताई, त्यात काय बघता? तिथीची पाऊणपट करायची.’’ मला काही कळलं नाही. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमेला, अमावास्येला सव्वाअकरा. कोष्टकाशी ताडून पाहिलं, तर थोडाफार फरक सोडला तर जुळत होतं. पुढे काकांनीच विचारलं, ‘‘पाखरं मोजायचीत ना? मग भांगाला येऊन काय करणार? उधाणाला या.’’

ह्या एका वाक्यात सगळं होतं. ठाणे खाडीत ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, मग त्यांना उभं राहायला, टेकायला जागा लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं चढत नाही. खाडीतच कुठे कुठे चिखल शिल्लक राहतो आणि पक्षी तिकडेच थांबतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सगळाच चिखल बुडतो आणि पक्षी आतल्या तळ्यांकडे सरकतात. खाडीच्या मानाने आमच्या तळ्याचं पाणी उशिरा चढतं आणि कमी चढतं, कारण मध्ये झडपा आहेत. त्यामुळे खाडी भरलेली असताना इथे पश्चिमेचा चिखल उघडा असतो. खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण खाडीतल्या पक्ष्यांचा निम्मा दिवस हा असा अभयारण्याच्या हद्दीबाहेर जातो. म्हणूनच तज्ज्ञ एनआरआय, चाणक्य, पांजे, भेंडखळ, बेलपाडा, भांडुप या पाणथळांना खाडीची उपग्रह पाणथळं, म्हणजे खाडीशी जोडलेली आसपासची पाणथळं, म्हणतात आणि ती एकत्र सांभाळा असं सांगतात.

मग मी गणनेच्या दिवसांतला पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा रविवार धरला. चतुर्दशी, म्हणजे साडेदहाची भरती. साडेसातला सुरुवात करायची आणि भरती टेकेपर्यंत थांबायचं.

सोबत शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा होता. मोजायला दोघं असली तर फार बरं. एकाने दुर्बिणीतून डोळा काढायचा नाही, दुसऱ्याने वहीतून. मी आकडा बोलायचे, तो तोच आकडा मोठ्याने परत म्हणून लिहायचा. लहान थवे एकेक करून मोजता येतात. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवायचं आणि मग तेवढे तुकडे थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्यायचे. मिश्र थवा असेल तर एका फेरीत एकच जात. आधी सगळे शेकाटे, मग परत पहिल्यापासून सगळे तुतवार, मग टिलवे. उडणाऱ्यांचा नियम वेगळा. आपण अजून मोजायचंय त्या बाजूने उडून मागे गेलेले पक्षी धरायचे. मोजून झालेल्या बाजूने उडून पुढे गेलेले सोडायचे, नाहीतर तेच पक्षी दोनदा येतात.

मी एक गोष्ट गणनेच्या फॉर्ममध्ये नसताना केली. तळ्याच्या चार बाजू आणि मधलं पाणी यांचे आकडे वेगवेगळे लिहिले. फॉर्मला एकूण बेरीजच लागते, पण कुठला काठ कोणाच्या उपयोगाचा आहे हे मला कागदावर हवं होतं.

मधलं पाणी लवकर झालं. टिबुकल्या होत्या. बुडी मारली की भलतीकडेच वर यायच्या, त्यामुळे सगळ्या एकदम वर असतील तेव्हाच मोजायच्या. पाणकावळे जुन्या खांबांवर पंख पसरून बसले होते. बदकं एकही नव्हती. थापटे, तलवार बदकं गोड्या पाण्याच्या मोठ्या तळ्यांवर दिसतात, इथे नाहीत, आणि नाहीत ही नोंदही तितकीच कामाची. दगडी काठाच्या तिन्ही बाजूंना मिळून वंचक, एखादा छोटा बगळा, तारेवरचा खंड्या, झाला हिशोब. पिचिंगच्या उतारावर पाणी एकदम खोल होतं. लहान पायांच्या पक्ष्याला तिथे उभं राहता येत नाही, चोच खुपसायला माती नाही, लपायला गवत नाही.

साडेआठनंतर पश्चिमेकडे हालचाल सुरू झाली. खाडीवरून छोटे छोटे थवे तिवरांवरून आत येऊ लागले. आधी शेकाटे आले, लांब गुलाबी पाय मागे सोडून. ते उतरले की लगेच एका ओळीत, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. मग मालगुजे आले आणि पोटापर्यंतच्या पाण्यात शिरले. त्यांच्या अलीकडे, जेमतेम ओलसर चिखलावर, चिखल्ये. थोडं धावतात, थांबतात, टोचतात, पुन्हा धावतात. आणि सगळ्यांच्या पायांत टिलवे. चिमणीएवढा हा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. त्याचं खाणं मी बराच वेळ पाहत होते. मान खाली, चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी चिखलात वर-खाली, एका जागी क्षणभर, मग दोन पावलं पुढे आणि परत तेच. मागे चिखलावर बारीक छिद्रांची ओळ उमटत जाते.

दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा तो चिखल रिकामा दिसत होता. जवळ जाऊन तिवरांच्या मुळांशी बसलं की तो किती भरलेला आहे ते कळतं. चिखलातून बोटभर उंचीची श्वासमुळं वर आलेली असतात. त्यांच्यामध्ये खेकड्यांची बिळं आणि बिळाभोवती त्यांनी चाळून टाकलेल्या मातीच्या मोहरीएवढ्या गोळ्या. डोळे वर काढून बसलेल्या निवट्या सावली पडताच टुणकन उडी मारून पाण्यात. आणि ह्या सगळ्यावर शेवाळाचा हिरवट-तपकिरी पातळ थर, ज्याच्यावर उरलेलं सगळं अवलंबून आहे. हे सगळं त्या वासासकट असतं. कुजणारं पान आणि शेवाळ नसेल तर किडे नाहीत, किडे नसतील तर टिलवे कशाला थांबतील?

प्रत्येक जात खोलीप्रमाणे आपापल्या पट्ट्यात उभी होती. कोरड्या चिखलावर टिटवी आणि धोबी, ओल्यावर चिखल्ये आणि टिलवे, घोट्याएवढ्या पाण्यात तुतवार, त्यापुढे शेकाटे, त्याहून पुढे मालगुजे आणि बगळे. दहा-पंधरा पावलांच्या उतारात एवढी घरं. दगडी काठावर ह्या सगळ्या पट्ट्या एका रेषेत गोळा होतात आणि नाहीशा होतात.

नऊच्या पुढे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, डोक्यावरून गेले. त्यांची लांब रांग काळ्या-गुलाबी पंखांची उघडझाप करत नेरूळमधल्याच डीपीएस तळ्याच्या दिशेने निघून गेली. आमच्या तळ्यावर ते उतरले नाहीत, म्हणून त्यांची नोंद उडत गेलेले अशीच केली. वाटेवरचे सगळे थांबले, मोबाइल वर झाले. छोट्या रोहितांमुळे नवी मुंबईला नाव मिळालं हे खरंच आहे आणि मलाही ते फार आवडतात. पण डीपीएस तळ्याकडे पाहिलं की पाण्याचं महत्त्व नीट कळतं. खाडीचं पाणी आत यायची वाट अडली तेव्हा ते तळं सुकत गेलं, २०२४ मध्ये तिथे रोहित मेल्याच्या बातम्या आल्या, लोक रस्त्यावर उतरले आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. आमच्या तळ्यावर रोहित नाहीत, म्हणून ते कोणाच्या बातमीत येत नाही. टिलव्यांचा फोटो कोण छापणार?

मोजताना लोक येऊन विचारतात, आणि त्यांना उत्तर देणं हाही त्या कामाचाच भाग आहे असं मी धरते. रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, ‘‘बाई, हे मोजून काय मिळतं?’’ मी त्यांना दुर्बीण दिली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘मला वाटायचं तिकडे नुसती घाण आहे.’’ त्यांच्याबरोबरच्या गृहस्थांना मात्र हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की चिखलामुळे डास होतात. हा प्रश्न सगळीकडेच येतो, म्हणून सांगते. डास साचलेल्या, न हलणाऱ्या पाण्यात वाढतात. ज्या चिखलावरून दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि उतरतं, जिथे मासे आणि निवट्या आहेत, तिथे त्यांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. आमच्याकडे डास असतात ते गच्चीवरच्या टायरांत, कुंड्यांत आणि नाल्याच्या तुंबलेल्या टोकाला. मी त्यांना ते टोक दाखवलं. तिथे प्लास्टिक आणि निर्माल्य अडकून पाणी हिरवं झालं होतं.

कुत्र्यांचा प्रश्न जास्त अवघड. ओहोटीला भटकी कुत्री चिखलात उतरतात आणि थवा उडवतात. एकदा उडालेला थवा परत टेकायला वेळ घेतो, आणि लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला असं वारंवार उठवणं महागात पडतं. गणनेच्या सकाळीही एक मोठा थवा असा उडाला, आणि त्या वेळी माझी टिलव्यांची फेरी अर्धी झाली होती. नियमाप्रमाणे ती फेरी सोडून दिली आणि थवा पुन्हा उतरल्यावर पहिल्यापासून मोजला.

साडेदहाला पाणी टेकलं. थोडा वेळ सगळं स्थिर राहिलं आणि मग थवे हळूहळू खाडीकडे परतायला लागले. आम्ही वही बंद केली आणि गव्हांकुराच्या गाडीवर बसून बेरजा केल्या.

संध्याकाळी आकडे ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरले. आता गणनेचं बरंचसं काम तिथेच होतं. दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का, असा एक प्रश्न तिथे असतो. त्याला हो म्हणता यावं म्हणून कावळे, साळुंख्या, कबुतरंही लिहिलेली असावी लागतात. ओळख न पटलेले पक्षी अनोळखी चिखलपक्षी म्हणून वेगळे लिहायचे. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. जागेबद्दलचा फॉर्म वेगळा. पाणी किती आहे, झाडोरा किती, मासेमारी होते का, सांडपाणी येतं का, राडारोडा टाकला जातो का, कुत्र्यांचा त्रास आहे का. माझ्या मते हे रकाने नीट भरणं पक्षी मोजण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण पुढे संख्या घटली तर कारण शोधायला ह्याच ओळी उपयोगी पडतात.

काही दिवसांनी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा निरोप आला. मालगुज्यांचा आकडा ह्या जागेसाठी जास्त वाटतो, फोटो आहे का? मला हे विचारणं आवडलं. कोणीतरी दूर बसून प्रत्येक नोंद खरंच वाचत होतं. सोबतच्या मुलाने उडणाऱ्या थव्याचे फोटो काढले होते. त्यांत पंखावरचा रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीचं काळं टोक स्पष्ट दिसत होतं, म्हणजे हे काळ्या शेपटीचेच मालगुजे. फोटोवर मोजून बघितलं तर आमचा आकडा थोडा कमीच होता. नोंद मान्य झाली.

ह्या कागदाचा उपयोग अपेक्षेपेक्षा लवकर पडला. तळ्याच्या सुशोभीकरणाचा नवा प्रस्ताव आला होता. चौथ्या बाजूलाही पिचिंग, वाट पूर्ण गोल, तिवरांवर रंगीत दिवे, मध्ये कारंजं. रहिवाशांच्या बैठकीला मी आकड्यांचा तक्ता घेऊन गेले. बाजूनिहाय लिहिल्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही. तीन बांधलेल्या बाजूंसमोर मोजकी नावं, चौथीसमोर पानभर. आम्ही मागण्या थोड्याच ठेवल्या. पश्चिमेच्या काठाला दगड लावू नये. तिकडची वाट तिवरांच्या मागून, थोडी लांबून न्यावी. दिव्यांची तोंडं पाण्याकडे नसावीत आणि रात्री उशिरा ते बंद व्हावेत. नाल्याच्या मुखाशी जाळी बसवून कचरा अडवावा. झडपांची दुरुस्ती करताना भरतीचं थोडं पाणी आत येण्याची सोय राहावी, नाहीतर तिवरं आणि चिखल दोन्ही मरतील.

ज्येष्ठ नागरिकांनी संपूर्ण गोल वाट मागितली, तीही रास्त आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याच वाटेने परत फिरण्यापेक्षा गोल फेरी बरी वाटते. त्यावरच तिवरांच्या मागून लाकडी पुलासारखी वाट काढायची सूचना आली, आणि ती माझ्यापेक्षा आजोबांनीच जास्त जोर लावून मांडली. दिव्यांची तोंडं त्यानंतर खरंच फिरवली गेली आणि जाळीही बसली. पिचिंगवर निर्णय अजून झालेला नाही. प्रस्ताव फाइलीत आहे, आणि आम्ही दर महिन्याला चौकशीचं पत्र देतो.

पुढच्या गणनेसाठी माझी तयारी सुरू आहे. जानेवारीतल्या उधाणाजवळचा रविवार पंचांगात खूण करून ठेवलाय. आमचं तळं आता यादीत आहे, पण जवळपासचे कितीतरी धारण तलाव अजून कोणीच मोजत नाही. ज्यांना यायचंय त्यांनी डिसेंबरपासून सकाळी तळ्यावर यावं. पक्षी ओळखता आलेच पाहिजेत असं नाही, सुरुवातीला आकडे लिहून घेणारं माणूसही हवंच असतं. माझ्याकडे एक जास्तीची दुर्बीण आहे. मी साडेसातपासून पूर्वेच्या गेटाजवळच्या बाकावर असते.